अण्णांबरोबर अस्करच्या किनाऱ्यावर

अण्णा, म्हणजे माझे वडील, महिनाभर आमच्याकडे बहरीनला आले तेव्हा मॉल, किल्ला काही नको म्हणाले. "बाय, मला फक्त अस्करला ने." तिथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात त्यांनी वेल्डर म्हणून अठरा वर्षं काढली. मी तेव्हा रत्नागिरीत आईपाशी वाढत होते. आई गेल्या वर्षी गेली.

जायचं तर शुक्रवारी सकाळी जा, रस्ते मोकळे असतात. आमच्या जनाबियाहून गाडीने अर्धा-पाऊण तास. टोपी, पाणी घ्या, कारखान्यांपाशी फोटो काढू नका. वाटेत मआमीरच्या कारखान्यांजवळ काचा बंद असूनही धुराचा वास आत आला. "माझ्या चादरीला हाच वास असायचा," अण्णा म्हणाले.

आमच्या वाडीतून दर्यापार पश्चिमेला गेलेले ते पहिलेच. मुंबईहून बोटीने आठवडा लागे, डेकवर ट्रंकेला टेकून झोपायचं. पुढे विमान आलं, चार तासांत पोचू लागले. "प्रवास आखडला, रजा मात्र तीच. दोन वर्षांतून एकदा."

ते राहायचे त्या कामगारांच्या खोल्या पाडून टाकल्या आहेत, नुसतं कुंपण घातलेलं मैदान आहे. ते बघून आम्ही किनाऱ्यावर आलो. छोट्या दुकानातून करक चहा घेतला, दाट, वेलचीचा, दोनशे फिल्सना दोन कप. होड्यांकडे बघत मी विचारलं, "आईला खरंच यायचं नव्हतं? सगळे तसंच म्हणायचे."

अण्णांनी कप दोन्ही हातांत धरला.

"एकदा फॅमिली व्हिसा मिळत होता. मीच नको म्हटलं. वेगळी खोली घेतली असती तर घरी काय पाठवणार? तुझ्या आत्याचं लग्न व्हायचं होतं. तुझ्या आईला लिहिलं, व्हिसा मिळत नाही. लोकांनी विचारलं की ती म्हणायची, मलाच नाही जायचं."

"तिला खरं कळलं?"

"कायमचा परतलो तेव्हा सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, तिथला समुद्र कसा आहे ते तरी सांगा." त्यांनी कप खाली ठेवला. "मला सांगता येईना गो. सुट्टीलाही ओव्हरटाइम करायचो. इथवर कधी आलोच नव्हतो."

चपला काढून ते पाण्यात उतरले. मी त्यांचं कोपर धरून शेजारी उभी राहिले.

अण्णा परत गेले, त्याला पंधरा दिवस झाले. त्यांच्यावर रागवावं असं वाटलं होतं, पण जमत नाही. मी इथे नऊ वर्षं आहे. व्हिजिट व्हिसा आता मोबाइलवरून निघतो. आईला यायचंच नाही, असं धरून मीही तिला एकदासुद्धा विचारलं नाही. स्वयंपाक करताना वाटतं, आत्ता ती मागे उभी राहून विचारेल, मीठ कुठे ठेवतेस?