मराठीतून डावपेच

इकडे आखातात, खलिफा सिटीतल्या मुलींच्या फ्लॅग फुटबॉल संघाची मी कोच झाले. हा अमेरिकन फुटबॉलचाच सौम्य प्रकार. अंगावर झडप घालायची नाही. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची फीत ओढली की तिची धाव संपली. आधीचे अमेरिकन कोच मायदेशी परतले. त्यांचे आजोबा म्हणे या खेळातले अगदी सुरुवातीचे पगारी खेळाडू. चामड्याची टोपी घालून स्वतः खेळायचे आणि खेळता खेळताच संघाला शिकवायचे. "कोचला मळायची लाज नको, एवढंच," असं त्या आजोबांचं म्हणणं. मी कॉलेजात कबड्डी खेळलेली, मला कसली लाज!

बारा वर्षांची माझी लेक मात्र हादरली. "आई, वन मॅच. देन वी डिसाइड." कॅप्टन तीच, त्यामुळे माझं कोचपद तिच्या हातात. आणि मला ते अगदी मनापासून हवं होतं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात वर्षानुवर्षं खुर्ची उबवल्यावर पुन्हा मैदान मिळालं होतं.

मी नामी युक्ती काढली. मुलींकडून चार मराठी शब्द घोकून घेतले: डावीकडे, उजवीकडे, मधून, लांब. समोरच्यांना काय कळणार, डोंबल!

सामन्यात मी "उजवीकडे!" म्हटलं की समोरच्या मुली उजवीकडे हजर. "मधून!" म्हटलं की मधे भिंत. तेव्हा कुठे मला त्यांच्या बाकावरचे एक काका दिसले. थर्मासमधला चहा पीत ते माझा प्रत्येक डाव इंग्रजीत करून सांगत होते. मी बघतेय म्हटल्यावर हसून म्हणाले, "ताई, जरा जोरात बोला, नीट ऐकू येत नाही!" इथे लिफ्टमध्येसुद्धा मराठी कानावर पडतं, आणि मी निघाले गुपितं राखायला.

शेवटची चाल उरली, आम्ही थोडक्यात मागे. मी तोंड उघडणार तोच लेक ओरडली, "आई, खलास! नो टॉकिंग!"

मी गप्प बसले. पण पाय थोडेच गप्प बसतात? रेषेबाहेर मी वाकले, कबड्डीतल्यासारखी डावीकडे हुलकावणी दिली आणि झटकन उजवीकडे वळले. काका चहात गुंतलेले. लेकीने तेवढं बघितलं.

तिने तस्संच केलं. समोरच्या दोघी डावीकडे झेपावल्या आणि ही उजवीकडून सुसाट शेवटच्या रेषेपार, सामना आमचा! मी भर मैदानात नाचले, रडलेसुद्धा.

मुलींच्या गराड्यातून सुटून ती धापा टाकत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"कोच," ती म्हणाली, "नेक्स्ट प्रॅक्टिस किती वाजता?"