सुटत्या गाडीचे नाना

नाना मांजराचं पिल्लू नेहमी सुटत्या गाडीतल्या माणसाला द्यायचे. उभ्या गाडीतल्याला नाही. एसटी स्टँडवर कंडक्टरने घंटी मारली की नाना पिशवीतून पिल्लू काढायचे, खिडकीतून आत एखाद्या मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या, फुकट आहे, लक्ष्मी आहे." समोरचा माणूस काही म्हणायच्या आत गाडी फलाट सोडून निघालेली असायची. रेल्वे स्टेशनवर तर ते यासाठी प्लॅटफॉर्म तिकीट काढून जात. "परत द्यायला कोणी चालत्या गाडीतून उतरत नाही," असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर नवा शोध लावलेल्या माणसाचं समाधान होतं.

जळगावात मी सहा वर्षं नानांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिले. पाइपच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचचं काम बघायचे. नाना कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. खाली ते आणि त्यांची बायको अक्का. मुलगी लग्न होऊन सुरतेला. घरात चौथा जीव म्हणजे सोनी नावाची मांजर, आणि ती वर्षातून दोनदा, कधी तीनदा, जिन्याखालच्या लाकडी खोक्यात व्यायची. गल्लीत नानांचं नाव मोठं होतं. मुक्या जिवांवर माया करणारा माणूस म्हणून लोक त्यांना मान द्यायचे आणि नाना तो मान घ्यायचे. मी वरच्या खिडकीतून सगळं बघायचे. मला हा माणूस पहिल्या वर्षातच आवडेनासा झाला.

सोनीचं ऑपरेशन करून आणा, असं मी त्यांना सुचवलं होतं. नाना दुखावले. "मुक्या जनावराचं आईपण हिरावून घ्यायचं? मॅडम, असलं पाप माझ्या हातून नाही व्हायचं." डोळे जेमतेम उघडलेलं पिल्लू आईच्या अंगाखालून काढून भुसावळला निघालेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर टाकण्यात मात्र त्यांना पाप दिसत नव्हतं. दोन महिने तरी आईपाशी राहू द्या, असं अक्का दरवेळी म्हणायच्या. नाना म्हणायचे, "तोवर सवय लागते." कोणाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गिऱ्हाईक हेरण्यात नानांचा हात धरणारा कोणी नव्हता. पोरंबाळं बरोबर असलेली माणसं त्यांना आवडत. "आधी पोराच्या हातात द्यायचं. मग काढून घ्यायची आईबापाची हिंमत होत नाही," हे त्यांचं दुसरं वचन. नव्या नवरा-नवरीलाही ते गाठायचे, कारण ती दोघं एकमेकांसमोर वाईट दिसायला तयार नसतात. माणसांच्या चांगुलपणाची त्यांना इतकी बारीक माहिती होती, आणि तिचा उपयोग ते एवढाच करायचे. एकदा एक म्हातारा पिल्लू घेऊन बसमधून खाली उतरला आणि नानांच्या मागे "अहो भाऊ, अहो भाऊ" करत रस्त्यापर्यंत आला. नाना रिक्षात बसून निघून आले. घरी येऊन त्यांनी हा किस्सा मलाच हसत हसत सांगितला. म्हाताऱ्याची बस चुकली असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

अक्कांना सांगायची गोष्ट मात्र वेगळी असे. नाना रिकामी पिशवी घेऊन आले की अक्का दारातच विचारायच्या, "कोणले दिधं?" अक्का दोंडाईच्याकडच्या एका खेड्यातल्या. चाळीस वर्षं जळगावात काढूनही त्यांची बोली बदलली नव्हती. नाना चप्पल काढता काढता घर उभं करायचे. एक पिल्लू धरणगावच्या दुकानदाराकडे गेलं, तिथे धान्याच्या पोत्यांत उंदीर फार, त्यामुळे चैन आहे. एक पाचोऱ्याच्या नर्सबाईंकडे गेलं, त्या एकट्याच राहतात. आणि सोनीच्या पहिल्या वेतातलं पांढऱ्या पायांचं पिल्लू दोंडाईच्याच्या पाटील गुरुजींकडे. गुरुजींना तीन मुलं, दारात म्हैस, घर स्टेशनच्या मागे. "तुझ्याच माहेरच्या बाजूला दिलं बघ," नाना म्हणाले होते. खानदेशात पाटील आडनाव सांगितलं की खोटं पकडायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, हे नानांना पक्कं ठाऊक होतं.

अक्का हे सगळं मनात जपून ठेवायच्या. भाकरी थापता थापता मध्येच म्हणायच्या, "गुरुजींकडलं आते मोठं व्हई गयं व्हई." पाऊस लांबला तर नर्सबाईंच्या पिल्लाची काळजी, म्हैस आटली असेल का याची काळजी. नाना पेपर वाचत हं हं करायचे. मला तेव्हा उठून सांगावंसं वाटे, की अक्का, कोणी गुरुजी नाहीत. मी कधी सांगितलं नाही. भाडेकरूने घरात बोलू नये, असं मी स्वतःला समजावत असे.

मग एका वेतात पाचवं पिल्लू उरलं. नानांचा गुडघा सुजला होता. त्यांनी ते एका खोक्यात घालून माझ्या हातात दिलं. "तुमची कंपनीची बस नशिराबादवरून जाते ना? तिथे हायवेला एक चहावाला आहे, भला माणूस आहे. त्याला द्या." अक्का बाजूला उभ्या होत्या. त्यांनी खोक्यात जुन्या साडीचा तुकडा घातला आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वतः द्या हं त्याना हातमा."

मी नशिराबादला उतरले तेव्हा चहाची टपरी बंद होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आत बसलेले लोक माझ्याकडे बघत होते. मी खोकं टपरीच्या बाकाखाली सरकवलं आणि बसमध्ये येऊन बसले. संध्याकाळी परतताना मी त्या बाजूला मुद्दाम बघितलं नाही. घरी आले तर नाना ओट्यावरच बसलेले. मी त्यांना खरं सांगितलं, कारण नानांसमोर खरं सांगायला मला लाज वाटत नसे. त्यांनी मान डोलावली. "झालं तर मग. अक्काला सांगा, ठेवून घेतलं म्हणून." आत जाऊन मी तसंच सांगितलं. टपरीवाल्याला दोन मुली आहेत, हेही वर जोडलं. अक्कांचा चेहरा उजळला.

त्या दिवसापासून मी नानांचा नीट तिरस्कार करू लागले. आधी तो नुसता नाक मुरडण्यापुरता होता.

पुढच्या उन्हाळ्यात अक्कांच्या मामेबहिणीच्या नातीचं लग्न दोंडाईच्याला निघालं. अक्कांनी मलाही आग्रहाने बरोबर घेतलं. आदल्या दिवशी त्यांनी एक डबा भरला. त्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे तळायचे जाड पापड होते, गुरुजींच्या बायकोसाठी. नानांनी तो डबा बघितला. सुरतेच्या गाडीत बसल्यावर त्यांनी सुरुवात केली, की गुरुजींची बदली झाल्याचं कोणीतरी म्हणत होतं. अक्का डबा मांडीवर धरून म्हणाल्या, "बदली व्हई तं व्हई. घर तं दखाडा."

लग्न लागलं, जेवणं झाली. भर उन्हात अक्का निघाल्या. नाना पुढे, त्यांच्या मागे अक्का आणि अक्कांच्या मागे मी, अशी आमची वरात स्टेशनमागच्या गल्ल्यांतून फिरत होती. नाना एका गल्लीत वळायचे, थांबायचे, पुन्हा बाहेर यायचे. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजून गेली होती. मला आतून बरं वाटत होतं. शेवटी त्यांना कुलूप लावलेलं एक घर दिसलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "हेच," ते म्हणाले. "बघ, गेले वाटतं बदलीवर."

शेजारच्या ओट्यावर एक बाई लाल मिरच्यांची देठं खुडत बसली होती. अक्का सरळ तिच्याकडे गेल्या. "हाई पाटील गुरुजींनं घर शे ना?"

"नाही वो अक्का," ती म्हणाली. "हे टेलरचं घर शे. सुरतले गया तो, दोन वरीस झालं. गुरुजी कोणी नव्हता इथं."

"मांजर व्हती का त्यानाकडे? पांढऱ्या पायनी?"

"मांजर कुठली? शिवायची मशीन व्हती फक्त."

अक्का जरा वेळ त्या कुलपाकडे बघत राहिल्या. नाना काहीतरी बोलायला लागले, गल्ली चुकली असेल म्हणाले. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी डबा उघडला, सगळे बिबडे त्या बाईच्या सुपात ओतले आणि म्हणाल्या, "पोरेस्ले तळी दे." ती बाई गोंधळली. डबा रिकामा कसा परत द्यायचा म्हणून तिने त्यात ओंजळभर मिरच्या टाकल्या. अक्का स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. इतक्या भरभर चालताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले, समोर आम्ही दोघी. अमळनेर मागे पडलं. मग अक्का माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता.

"त्यास्नं बठ्ठं खोटं शे, ते समजनं माले. पण तुम्हीन दिधेल पिल्लू तरी खरं शे ना, ताई? नशिराबादवालं?"

खरं सांगायची याहून सरळ वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती, हे मला कळत होतं. नाना बाहेर बघत होते. तसेच बाहेर बघत ते म्हणाले, "मॅडमचं खरं आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. दुधाच्या पातेल्यापाशी बसलेलं असतं दिवसभर. चहावाल्याच्या पोरींनी गळ्यात मणी बांधलाय."

"हो," मी म्हणाले.

अक्कांनी माझा हात दाबला. नानांनी त्यानंतरही माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि उपकार मानावेसे वाटले म्हणून आणखी राग आला. त्या मण्याची काय गरज होती, हे मला आजही समजलेलं नाही.

त्यानंतर सोनी व्यायली तेव्हा अक्कांनी जिन्याखाली कोणाला हात लावू दिला नाही. पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर त्या स्वतः टोपली घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. टोपली उचलायला नाना बरोबर, पण त्यांनी पलीकडच्या बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद होती. अक्का येणाऱ्याजाणाऱ्याला नाव, गाव, घरात कोण कोण, दूध कोणाकडून घेता, सगळं विचारायच्या. लोक हसून पुढे जायचे. एकाने तर मांजर विकत घेतो म्हणून पैसे काढले, त्याला अक्कांनी हाकलून दिलं. तीन दिवसांत एकच पिल्लू गेलं, केळी विकणाऱ्या एका बाईकडे, आणि पुढे दर आठवड्याला अक्का तिच्याकडून केळी आणू लागल्या. बाकी तिन्ही घरातच राहिली. महिन्याभराने अक्कांनी सोनीला जनावरांच्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणलं. सुई टोचताना तिला धरायला कोणीतरी हवं होतं. नानांनी धरलं. मनगटावर चार ओरखडे घेऊन ते घरी आले आणि पापाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुण्याच्या गोष्टी मात्र ते गल्लीत पूर्वीसारख्याच सांगत राहिले, ऑपरेशन आपणच करवून घेतलं म्हणून.

पुढे मला धुळ्याला चांगली नोकरी मिळाली आणि मी जळगाव सोडलं. दोन वर्षांनी नाना गेल्याचं कळलं. हृदयाचा झटका, सकाळी चहा पिता पिता. मी दहाव्यानंतर भेटायला गेले. जिन्यावर तीन मोठी मांजरं पसरली होती. अक्का वाळल्या होत्या, पण बसायला पाट, हातात चहा, सगळं त्यांनी रीतीने केलं. बोलता बोलता त्यांनी नशिराबादच्या पिल्लाचा विषय काढला. आता एकदा जाऊन बघून येते म्हणाल्या, नाना इतकं सांगायचे त्याच्याबद्दल.

मी पेला खाली ठेवला आणि त्यांना सगळं सांगितलं. बंद टपरी, बाकाखालचं खोकं, हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर. मुली नव्हत्या, मणी नव्हता. नानांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हेही सांगितलं. अक्का ऐकत होत्या. एक मांजर येऊन त्यांच्या मांडीवर बसलं, त्याला त्यांनी बसू दिलं. त्या माझ्यावर रागावतील, उठा म्हणतील, अशी माझी तयारी होती. काही वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे ते बी नै ऱ्हायनं." आणि त्या मांडीवरच्या मांजराला थोपटू लागल्या.

"मन्हासाठे खोटं बोले, ते समजस," शेवटी त्या स्वतःकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तुम्हनासाठे बी बोलना. हाऊ माणूस काई सुधरना नै."

असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. नानांबद्दल माझं मत फारसं बदललेलं नव्हतं, पण त्या दुपारी त्यांना नावं ठेवायचा हक्क फक्त अक्कांचा होता.