डावीकडचा फासा

कवळीवाल्यांना मी अकरा वर्षं दर रविवारी भेटत होतो, आणि त्यांच्याविषयी मला किती माहिती आहे म्हणाल तर एक पान भरणार नाही. त्यांनी लग्न का केलं नाही, धाकटी बहीण वर्षातून एकदाच का यायची, कुठल्या शाळेत शिकले, यातलं काही मी विचारलं नाही. विचारायचा माझा स्वभाव नाही. ते वारल्यावर आमच्याबरोबर खेळणाऱ्या नर्सबाई, सिस्टर, म्हणाल्या, "तुम्ही छापखान्यात होतात, चार ओळी तुम्हीच लिहा." मी सांगितलं की छापखान्यात मी दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचो, स्वतः कधी काही लिहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग आता करा दुरुस्त." त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं, तेही मी विचारलं नाही.

ते एका लॅबमध्ये दात बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, त्यावरून हे प्लास्टरचा साचा करायचे आणि कवळी घडवायचे. लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत घासायची मशीन, मागच्या खोलीत एक लांब टेबल. सगळीकडे पांढरी भुकटी, अगदी चहाच्या कपाच्या कानावरसुद्धा. मालक वेगळेच होते. हे बत्तीस वर्षं कामाला. फोन वाजला की पलीकडून कोणीतरी डॉक्टर कवळी उंच लागते म्हणून झापायचा आणि हे उभं राहून "हो डॉक्टर, करून देतो" म्हणायचे. बसून बोललेलं मी कधी ऐकलं नाही. गावातले कितीतरी लोक त्यांच्या दातांनी जेवत होते, पण त्यांचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं.

एका डॉक्टरने दवाखाना हलवताना मुलांचं जुनं सामान टाकून दिलं. त्यात एक जाड इंग्रजी पुस्तक आणि फाशांची पिशवी होती. महानायकांचा खेळ. याला पट नसतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक महानायक व्हायचं, काहीतरी शक्ती घ्यायची. एक जण सूत्रधार. काय घडतंय ते तो सांगतो, सगळे दुष्ट आणि सगळी गर्दी तोच. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. कवळीवाल्यांचं इंग्रजी शाळेपुरतं. डिक्शनरी घेऊन दोन वर्षं बसून त्यांनी ते पुस्तक एका लांब रजिस्टरमध्ये मराठीत उतरवलं.

नायकांचे कागद छापायला ते आमच्या छापखान्यात आले. 'शक्ती' मधली 'ती' त्यांनी सगळीकडे ऱ्हस्व लिहिली होती. मी दुरुस्त करून दिली. ते म्हणाले, "येता का रविवारी लॅबवर? दुपारी दोन तास." मला नाही म्हणायला जमलं नाही, म्हणून मी गेलो.

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सिस्टर आधीपासून होत्या. चाळीस वर्षं वॉर्डात पेशंट उचललेल्या बाई. त्यांनी इमारती उचलायची शक्ती घेतली होती. मीटरवाले विजेचं मीटर वाचायला आले आणि बसले. ते हातातून वीज सोडायचे. मी अदृश्य होण्याची शक्ती मागितली, तेव्हा मीटरवाले म्हणाले, "अहो, वेगळं काहीतरी मागा, ती आहेच तुमच्याकडे." नायकांच्या मूर्ती कवळीवाले दातांच्या प्लास्टरमध्ये ओतायचे, आणि पाठीवरचे झगे हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याचे. त्यामुळे आमचे सगळे महानायक गुलाबी झग्यात. माझा नायक दिसत नसल्यामुळे त्यांनी मला फक्त एक चकती करून दिली, तिच्यावर दोन पावलांचे ठसे.

टेबलाच्या टोकाला बसले की हा माणूस वेगळा व्हायचा. आवाज मोठा व्हायचा. दुष्टांना ते अशी कारणं द्यायचे की सिस्टर कधीकधी दुष्टाच्या बाजूने भांडायच्या. आणि त्यांनी पुस्तकाबाहेरचे स्वतःचे नियम केले होते. उडणाऱ्याने आधी किती जिने चढावे लागले असते ते मोजायचं आणि उतरल्यावर तेवढा दम लागायचा. इमारत पाडून दुष्टाला पकडलं तर पुढच्या रविवारी त्याच नायकाने ढिगारा उपसायचा, मग गोष्ट पुढे. एकदा सिस्टरनी अख्खे दोन तास एक शाळा उपसली आणि तक्रार केली नाही. "बाई, पाठ सांभाळा," एवढं ते अधूनमधून म्हणायचे. पुस्तकातले नियम रजिस्टरमध्ये निळ्या शाईने आणि आपले तांबड्या शाईने, हा त्यांचा शिरस्ता होता. आपलं ते आपलं, त्यांचं ते त्यांचं, असं ते म्हणायचे. त्यात त्यांनी कधी गफलत केली नाही.

एक सोडून. आणि तो नियम म्हणजे आमचा खेळ होता.

प्राणघातक मार बसला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. बारा किंवा वर पडले तर नायक वाचला, नाहीतर मेला. मेला म्हणजे मेला, कागद फाडायचा. कवळीवाल्यांच्या रजिस्टरमध्ये निळ्या शाईने लिहिलं होतं की हा फासा मार बसलेल्याने टाकायचा नाही. त्याच्या डावीकडच्या माणसाने टाकायचा. त्यामुळे तुमचा जीव नेहमी शेजाऱ्याच्या हातात. मीटरवाले भांडखोर, पण डावीकडे बसणाऱ्या सिस्टरशी त्यांनी अकरा वर्षांत एकदाही भांडण काढलं नाही. सिस्टर फासा टाकायच्या आधी दोन्ही तळव्यांत धरून थांबायच्या, तेवढा वेळ खोलीत कोणी बोलत नसे. सूत्रधाराच्या डावीकडे मी. म्हणजे त्यांच्या दुष्टांना मी वाचवायचो. माझ्या हाताला बरा फासा लागायचा, त्यामुळे आमच्याकडचे दुष्ट बरेच जगले.

तिसऱ्या महिन्यात एकदा मी लवकर पोचलो. ते पुढच्या खोलीत फोनवर उभे होते. ते इंग्रजी पुस्तक टेबलावर होतं, मी चाळायला घेतलं. 'सेव्ह' असा शब्द होता. मार बसला की सेव्ह करावा लागतो, एवढंच तिथे होतं. कोणी, ते त्या पानावर नव्हतं. वाचवतो तो दुसरा, असं कवळीवाल्यांनी धरलं. पण वीस पानं पुढे उदाहरण होतं आणि त्यात खेळाडू आपला फासा आपणच टाकत होता. 'हिज' हा शब्द त्यांनी शेजाऱ्याकडे लावला होता. माझ्या हातात पेन्सिल होती. सवयीने मी समासात खूण केली: प्रश्नचिन्ह आणि त्याभोवती गोल. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, लेखकाला विचारा.

मी विचारलं नाही. ते फोन ठेवून आले तेव्हा मी पुस्तक मिटलं होतं. पुढे ते पुस्तक खणात गेलं, सगळं रजिस्टरवर चालायचं. दर महिन्याला मी रजिस्टरमधलं शुद्धलेखन तपासायचो. तीच गोल खूण तिथेही करायचो. "हे अंड्यातलं काय?" त्यांनी एकदा विचारलं, आणि मी अर्थ सांगितला. त्या निळ्या नियमापाशी मात्र कधी खूण केली नाही. नियम पुस्तकापेक्षा चांगला होता म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण एक गोष्ट त्या टेबलावर फक्त मला माहीत आहे, याचं मला सुख होतं, हेही खोटं नाही.

अकराव्या वर्षी मीटरवाल्यांनी जावयाला आणलं. कॉम्प्युटरवर काम करणारा, बोलायला गोड. दुसऱ्याच रविवारी त्याच्या नायकावर पूल कोसळला. त्याच्या डावीकडे सिस्टर बसल्या होत्या. त्यांनी फासा धरला, थांबल्या, टाकला. तीन.

"गेलात," कवळीवाले म्हणाले.

जावई हसला. मग म्हणाला, "पण माझा फासा यांनी का टाकायचा?"

"नियम आहे."

"तुमचा?"

"माझा नाही, पुस्तकातला. माझे तांबड्या शाईत आहेत."

जावयाने मोबाइलवर तेच पुस्तक काढलं आणि ते उदाहरण वाचून दाखवलं. उद्धटपणे नाही, उलट माफी मागत. कवळीवाल्यांनी खणातून पुस्तक काढलं, भुकटी झटकली, पान शोधलं. ओळीवरून बोट फिरवत गेले आणि समासापाशी थांबले.

"प्रूफवाले, तुम्हाला इंग्रजी येतं. बघा जरा."

मी बघितल्यासारखं केलं. "ते बरोबर सांगताहेत," मी म्हणालो.

मीटरवाले टेबलावर हात आपटून हसले. "म्हणजे अकरा वर्षं आपण दुसऱ्याच्या हाताने मरत होतो." सगळे हसले. मीही हसलो.

कवळीवाले हसले नाहीत. "तुम्ही हे आधी वाचलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. आजच."

त्यांचं बोट त्या गोल खुणेवरच होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माझ्या डावीकडे बसता."

"मग काय उजवीकडे बसवता?" मीटरवाले म्हणाले. त्यांना कळलं नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "चुकलं तर चुकलं. आता तांबड्या शाईने लिहा आणि खेळ पुढे चालू द्या. मला हाच नियम हवा." मीटरवाले म्हणाले, आता कळलंय तर नीटच खेळू या, जावईबापूंना पहिल्याच महिन्यात मारायचं का? जावई म्हणाला, पुस्तकाप्रमाणे असलं की वाद राहत नाही. दोन आणि एक. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. कवळीवाल्यांनीही पाहिलं. माझ्या एका शब्दाने दोन आणि दोन झाले असते, आणि बरोबरी झाली की सूत्रधाराचं चालायचं. तोही नियम तांबड्या शाईत होता.

मी फासे पिशवीत भरत होतो. म्हणालो, "माझं काही नाही. सगळ्यांना बरं वाटेल ते करा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "ठीक आहे," म्हणाले. त्यांनी फोनवर डॉक्टरांना म्हणायच्या आवाजात ते म्हटलं.

पुढच्या रविवारपासून खेळ मीटरवाल्यांच्या घरी गेला. जावई सूत्रधार झाला. काकांना जरा आराम, असं ठरलं. कवळीवाले साधे खेळाडू म्हणून तीन रविवार आले. तिथल्या सोफ्यावर नेमकी माझ्या डावीकडे बसायला जागा मिळाली त्यांना. तिसऱ्या रविवारी माझ्या नायकाला जबर मार बसला, आणि त्यांचा हात आपोआप माझ्या फाशाकडे गेला.

"काका, ज्याचा त्याने," जावई म्हणाला.

त्यांनी हात मागे घेतला आणि गुडघ्यावर पुसला, जसा कामावर भुकटीचा पुसायचे. मी माझा फासा मीच टाकला. सोळा पडले. चौथ्या रविवारी ते आले नाहीत. सिस्टरनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, कामात असतील. लॅब माझ्या घरापासून सात मिनिटांवर होती, आणि मी गेलो नाही. सिस्टरनी त्या महिन्यातच येणं सोडलं. मी मात्र जात राहिलो. रविवारी दुसरं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

दीड वर्षाने माझे उरलेले दात काढले. डॉक्टरांनी माप कुठे पाठवलं ते मी विचारलं नाही, पण कवळी आली तेव्हा ओळखलं. तोंडात घातल्याबरोबर बसली. एका ठिकाणी फक्त टोचत होती. डॉक्टर म्हणाले, पाठवतो लॅबला, आठवडा लागेल. मी म्हटलं, मीच नेतो.

जिना चढताना काय बोलायचं ते मी ठरवलं होतं. तीन वाक्यं होती, पहिलं त्या खुणेबद्दल. ते मशीनवर होते. मला बघून मशीन थांबवलं आणि बराच वेळ खोकले. ती भुकटी छातीत बसते, असं सिस्टर नेहमी म्हणायच्या. दोन महिन्यांनी ते त्यातच गेले. फळीवर गुलाबी झगे तसेच होते. माझी चकती कामाच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेली. त्यांनी हात पुढे केला, मी कवळी काढून दिली. कवळीशिवाय मला नीट बोलता येत नव्हतं, हे निमित्त मला बरं पडलं.

"कुठे टोचते?"

मी डावीकडे बोट दाखवलं.

त्यांनी घासली, धुतली, उजेडात धरून पाहिली, परत दिली. "आता?"

"आता ठीक आहे."

"दोन दिवस मऊ खा. परत टोचली तर सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.