आण्णाचं नाक

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत आण्णाच्या नाकाला मीटरपेक्षा मान व्हता. बावीस वर्षं तो तिथं. टाकीत माणूस उतरवायच्या आधी गॅसचा मीटर लावायचा नियम, पन पोरं मीटर बघायचीच न्हाईत, आण्णाच्या तोंडाकडं बघायची. आण्णा झाकणावर वाकून हुंगायचा आन् मान हलवायचा. झालं. साहेबबी गप. नवीन कुणी हसला तर पोरं त्याला तिथंच झाडायची.

त्या दिवशी आण्णाची दुसरी पाळी. सकाळी दौंडच्या घरी तो चहा ठेवायला उठला. लायटर शेगडीला लावनार, तेवढ्यात बायको, धुरपदा, दूध घिऊन दारात आली आन् जागीच थिजली.

"आवं, लायटर ठेवा खाली. घरभर गॅस सुटलाय."

आण्णानं हुंगलं. कायबी न्हाई. तिनं सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. शेजारची रंगुबाईबी वास आला म्हणून पळत आली. दोघींना येतोय, आन् बावीस वर्षांच्या नाकाला न्हाई?

धुरपदानं त्याला बाहेर वट्यावर बसवलं, डोळं मिटायला लावलं, मूठ नाकाशी धरली.

"लसूण," आण्णा लगेच म्हणला. चांगला झणझणीत वास आला व्हता त्याला.

डोळं उघडलं. मूठ रिकामी.

आण्णानं ती मूठ उलटीपालटी करून बघितली. असलेला वास आला न्हाई, ते एक येळ ठीक. पन नसलेला आला, आन् तोबी अगदी खऱ्यासारखा. मग आजवर हुंगलं त्यातलं खरं कुठलं? डोळ्यांचं, कानांचं तरी काय? समोर उभी हाय ती धुरपदाच कशावरनं?

तवाच त्याला कालची टाकी आठवली. मीटर कोकलत व्हता आन् आण्णानं हुंगून सांगितलं व्हतं, मीटर येडा झालाय. आज पहिल्या पाळीला पोरांतला शंभू तिच्यात उतरनार व्हता. पोरांचे फोन गेटवर जमा असत्यात, आन् गेटवरचा फोन कुणी उचलंना.

गाडी कशी हाणली त्याचं त्याला ठावं न्हाई. शंभूचा एक पाय शिडीवर गेलेला. आण्णानं त्याला पट्ट्याला धरून मागं वढला.

"आवं, काल तुमीच म्हणला की, मीटर येडा हाय," शंभू हसत म्हणला.

"येडा मीटर न्हाई, मी झालोय. मला वास येत न्हाई, लेका."

शंभूचं हसू तिथंच जिरलं.

"मग आजवर आमी उतरलो त्या टाक्या?"