रेषा बारीक होईपर्यंत

रेषा बारीक झाली की येते, असं मी आईला फोनवर सांगून बसले होते. ती नाशिकला, कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये एकटी आणि मी युरोपातल्या एका प्रयोगशाळेत. नव्या शतकाची पहिली वर्षं होती. आमच्या लेसरचा प्रकाश अतिनीलाच्याही पार पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. हवा लागली की संपलाच, इतका नाजूक! म्हणून सगळा कारभार हवा काढून घेतलेल्या पोलादी टाकीत. हा प्रकाश हेलियमवर टाकायचा आणि अणू नेमका कुठल्या रंगाला दाद देतो ते बघायचं. ते उत्तर पडद्यावर रेषेसारखं उमटे. आमची रेषा मेली पसरट, म्हणजे मोजमाप ढोबळ. लेसरच्या दोन चमकांमधला वेळ वाढवला तर ती बारीक होणार होती, पण वेळ वाढवला की सगळंच डळमळायचं.

“झाली का गं बारीक?” आई दर रविवारी विचारायची. “रेषा राहील बाजूला, तूच बारीक होशील तिथे.”

एका नवरात्रात म्हणाली, “खंडेनवमीला तुझ्या यंत्राला हळद-कुंकू वाहा.”

“आई, नुसतं बोट लागलं तरी टाकी बिघडते. हळद कसली लावतेस!”

“मग फोटो पाठव. मी इथे पूजा करते.”

टाकीत आरसे बसवतानाचा एक फोटो मी पाठवून दिला.

पुढे रेषा बारीक झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू फुटलं. मला घरी जायचं होतं. आई फोडणी देत असताना ओट्यापाशी मध्ये मध्ये येऊन तिची बोलणी खायची होती. पण अजून बारीक करता येईल असं निघालं आणि मीच राहिले. आईला तसं कळवलं. “बरं,” एवढंच म्हणाली.

अखेर घरी गेले तेव्हा तो फोटो आईच्या शिलाई मशीनवर टेकवलेला होता. फोटोत प्रयोगशाळेतल्या आम्ही तिघी, टोपी, मास्क, गॉगल, हातमोजे घातलेल्या. टाकीला हळद-कुंकू होतंच, पण तिघींच्या कपाळांवरही कुंकवाचे ठिपके होते.

“हे काय गं?”

“यातली तू कोणती ते ओळखता येईना. मग तिघींनाही लावलं.”

मी बोट ठेवून दाखवलं. आईने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला.

“ही?” ती म्हणाली. “नक्की ना?”