बुधवारला ती ‘बाजारना दिन’ म्हणायची

शेवटच्या बुधवारी आम्ही दोघं धुळ्याच्या कचेरीत गेलो. काम झाल्यावर गाडीवर एक चहा दोघांत घेतला. कप मला, बशी तिला. बशीत फुंकता फुंकता अनुसया हसत होती, कारण त्या दिवशी तिने माझं नाव घेतलं होतं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

माझं नाव बुधा. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईने तिच्या डोक्यात भरलेलं. म्हणून बुधवारसुद्धा तिच्या तोंडात येत नसे. आमच्या गावचा बाजार बुधवारी, तर ती ‘बाजारना दिन’ म्हणायची. डॉक्टरने बुधवारी बोलावलं की घरी येऊन सांगायची, “मंगळवारना दुसरा दिन बलायेल शे.” मी हसायचो. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

गरीब घरच्या बायांच्या खात्यात सरकार महिन्याला पैसे टाकतं, त्यात तिची हृदयाची गोळी यायची. एक गोळी सरकारी दवाखान्यात मिळे, दुसरी दुकानातून आणावी लागे. माझे गुडघे गेले तेव्हापासून माझी मजुरी बंद. दुकानची गोळी ती मला दाखवून गिळायची. “हाई मना पैसानी गोयी शे!”

मग ऑनलाइन सेंटरवर सगळ्या बायांची माहिती नव्याने भरून घेतली. सेंटरवरच्या बाईने विचारलं, “नवऱ्याचं नाव?” अनुसयाने मान खाली घातली, पदर तोंडाला लावला. ती लाजली होती. त्या बाईला वाटलं, रडतेय. तिने पुढे विचारलंच नाही, विधवा म्हणून भरून टाकलं. पैसे थांबले. मोबाईलवर आलं, पतीच्या मृत्यूचा दाखला जोडा.

मी म्हटलं, “आता मरू का दाखल्यासाठी?”

“चूप बसा तुमी. बोलानी काही रीत शे का नै?”

चार महिने फिरलो. मी जिवंत असल्याचा दाखला ग्रामपंचायतीतून आणला, तर म्हणे अर्जदार बाईला आणा. तिला नेलं, तर साहेब रजेवर. गोळ्या आहेत का विचारलं की ती म्हणायची, “शेतस, शेतस.” मी डबा उघडून पाहिला नाही.

त्या बुधवारी साहेब म्हणाला, “बाई, हे तुमचे कोण? नाव सांगा. आबा, तुम्ही बोलायचं नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली. मागून एक जण ओरडला, “ओ अक्का, सांगून टाका, बस जाईल आमची!” तिने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. “बुधा,” म्हणाली. “जित्ता शेतस त्या.” रांग हसली. साहेबाने अर्ज घेतला.

चहा पिताना मला म्हणते, “आते तुमनं काही खरं नै.”

घरी येऊन दारात मेथी निवडायला बसली, ती तशीच कलंडली. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो. मग डबा उघडला. दुकानच्या गोळ्या सगळ्या अर्ध्या केलेल्या. त्यानेच गेली असं मी म्हणत नाही, मला त्यातलं कळत नाही.

गुरुवारी सकाळी भाऊ म्हणाला, “सुतकात कुठे निघालास?” मी धुळ्याची बस धरली. साहेबाला म्हटलं, “कालची दुरुस्ती करू नका. तुमच्या कागदात मी मेलेलो आहे अन् ती जिवंत आहे. राहू द्या तसंच.”

त्याने मान वर केली नाही. “आबा, अर्ज मागे घ्यायला अर्जदार बाईच लागतात. कुठे आहेत त्या?”

“येतेय,” म्हटलं. अन् काल दोघं बसलो होतो त्याच बाकावर जाऊन बसलो, जरा सरकून.