पावणीचा हात

लिलावात दशरथ परबांचा हात एकदा वर गेला की तो खाली आणायची ताकद फक्त पुकारणाऱ्यातच होती, तीही 'तीन बार' म्हटल्यावर. एरवी माणूस साधा. बत्तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीची नोकरी केली, घाटकोपरला असल्फ्यात दोन खोल्या केल्या, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण जुन्या सामानाचा लिलाव दिसला की त्यांच्या अंगात यायचं.

याचं मूळ कुडाळजवळच्या त्यांच्या गावात. तिथे देवळात पावणी होते. देवापुढे आलेले नारळ, केळीचे घड, भोपळे बोली लावून घ्यायचे. वीस रुपयांचा नारळ पाचशेला गेला तर घेणाऱ्याचा मान वाढतो, कारण पैसा देवाला जातो. मध्येच थांबला तो कोत्या मनाचा. दशरथ हे बघत वाढले आणि मुंबईत आल्यावरही त्यांचा हात पावणीचाच राहिला. एकदा बंद पडलेल्या दवाखान्यातली दातांच्या डॉक्टरची खुर्ची त्यांनी अकरा हजारांना घरी आणली. का, तर 'समोरचो थांबाक तयार नव्हतो!'

"थंय कुठलो देव बसलो होतो?" त्यांच्या बायकोने, विमलाने विचारलं होतं.

यावेळी मात्र गोष्ट खुर्चीची नव्हती. विमलाचं पोळीभाजी केंद्र होतं, रोज सहाशे पोळ्या, आणि वीस वर्षं कणीक मळून मळून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. केस विंचरायलाही ती डावा हात वापरायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मळणं बंद करा, नाहीतर हात विसरा. मळायचं यंत्र नवं घ्यायचं तर पंचावन्न हजार. तेवढे नव्हते. यंत्र मिळालं नाही तर महिनाअखेरीला केंद्र बंद, हे दोघांनाही माहीत होतं.

तेवढ्यात पेपरात जाहिरात आली. अंधेरीतल्या एका बंद कंपनीच्या कँटीनचं सामान, त्यात कणीक मळायचं यंत्रही, लिलावात निघालं होतं. विमलाला दुपारचे डबे सोडून जाता येईना.

"चोवीस हजार," ती म्हणाली. "वर एक रुपया नाय. हात खिशात घालून बसा."

दशरथ खरंच हात खिशात घालून बसले. कढया गेल्या, टेबलं गेली, मग यंत्राचा पुकारा झाला. दहापासून सुरुवात. अठराला भंगारवाले गळाले. उरले दोघेच, एक हात खिशात ठेवून तोंडानेच बोली लावणारे दशरथ आणि दुसरा मागच्या रांगेतून येणारा बाईचा आवाज. बावीस. तेवीस. चोवीस. मागून आवाज आला, "पंचवीस."

इथे थांबायचं होतं. दशरथांना ते पक्कं ठाऊक होतं. पण हात खिशातून कधी बाहेर आला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. सव्वीस, अठ्ठावीस, तीस. परब इरेला पेटले. बत्तीस! तेहतीस!

"चौतीस," बाई म्हणाली. आवाज जरा कापला, म्हणून त्यांनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं.

चाळिशीची, किरकोळ अंगाची बाई होती. बोली लावायला तिने डावा हात वर केला होता. उजवा मांडीवर तसाच पडून होता आणि खांद्यावरून पदराआड पट्टा बांधलेला दिसत होता. पस्तीस दशरथांच्या ओठांवर आलं होतं, ते तिथेच राहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हात आपणहून खाली घेतला.

"एक बार, दोन बार, तीन बार!"

बाईचं नाव राधा. मानखुर्दला घरातूनच चपात्या करून विकायची. दशरथ तिच्याजवळ गेले तेव्हा ती यंत्रापुढे उकिडवी बसली होती.

"काका, तुम्ही पंचवीसला थांबला असता ना," ती म्हणाली, "तर माझे नऊ हजार वाचले असते. सगळी शिल्लक ओतली."

दशरथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपलेच पैसे जातात असं ते समजत होते. आपल्या हातामुळे समोरच्याचे किती जातात हे कधी मनातही आलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ते यंत्राच्या मोटरवरची पाटी वाचू लागले.

"घरात थ्री फेजचं कनेक्शन आहे ना?"

"ते काय असतं?" राधाने विचारलं. साध्या मीटरवर ते यंत्र चालणार नव्हतं. मोटर बदलायची तर पुन्हा दहा-बारा हजार.

दशरथांनी विमलाला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं, अगदी तेहतीससुद्धा. पलीकडून शिव्या येतील म्हणून त्यांनी फोन कानापासून जरा लांबच धरला होता.

"खांदो खयचो तिचो?" विमलाने एवढंच विचारलं.

"उजवो."

"तिका फोन द्या."

दोघी दहा मिनिटं बोलल्या. विमलाच्या केंद्राचा गाळा पूर्वी पिठाच्या गिरणीचा होता, तिथे थ्री फेज होतं. यंत्र गाळ्यात ठेवायचं, दोघींनी निम्मे निम्मे घालायचे, म्हणजे सतरा हजार. पहाटेची पहिली कणीक राधाची, तिला लांब जायचं असतं. राधाने डोळे पुसत फोन परत दिला.

"काकू म्हणतायत, तुम्ही टेम्पोवाल्याशी घासाघीस करू नका. ती मी करायची."

सोमवारी यंत्र सुरू झालं. राधाने पीठ ओतलं, विमलाने पाणी, दशरथांनी बटण दाबलं. भांडं घरघरत फिरू लागलं आणि आतला गोळा गुळगुळीत होत गेला. दोघी बाजूला उभ्या होत्या, कणकेचा एक कणही हाताला न लागता. विमलाने हात पुढे केले, मागे घेतले, पदराला पुसले.

"गो, आता ह्या हातांचा काय करूचा?" ती म्हणाली. हसत होती की रडत होती, दशरथांना कळेना. त्यांचेच डोळे भरले होते.

राधाने कोपऱ्यातला कप तिच्या हातात दिला.

"चहा प्या, काकू. गरम आहे तोवर."